एकाच रकान्यातले दोघे

12 जून 2025, गुरुवार

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि 2019 सालचा वाटपाचा दावा अखेर पुराव्याला लागला. वादी थोरला भाऊ, प्रतिवादी क्र. 1 मधला भाऊ, प्रतिवादी क्र. 2 धाकटी बहीण. ही बहीण माझी अशील. वय अठ्ठावन्न. मी त्यांना आक्का म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात. मिळकत म्हणजे सात एकर जमीन, त्यातली तीन एकर द्राक्षबाग, एक विहीर, बेदाण्याची शेड आणि गावातलं माळवदी घर. वडील 2011 साली वारले.

थोरल्याचं म्हणणं, बहिणीनं 2013 साली दोघा भावांच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं आहे, सबब निम्मा हिस्सा मला द्या. मधल्याच्या कैफियतीत बारा परिच्छेद आहेत. अकरा परिच्छेदांत ‘वादीचे म्हणणे बरोबर आहे’, आणि बाराव्यात ‘बेदाणा शेड मात्र माझी स्वकष्टार्जित आहे’. दोघांचं भांडण म्हणाल तर तेवढंच. आक्का म्हणतात, सोसायटीच्या कर्जाला वारसांच्या सह्या लागतात असं सांगून मला रजिस्टर कचेरीत नेलं, दस्त कुणी वाचून दाखवला नाही.

म्हणजे दाव्याच्या शीर्षकात मधला आणि आक्का एका रकान्यात आहेत, आणि प्रत्यक्षात दोघे भाऊ एकीकडे नि आक्का एकट्या. हे रकाने तरी कशावर ठरतात? जो आधी कोर्टात गेला तो वादी. मधल्यानं दोन महिने आधी दावा लावला असता तर थोरला प्रतिवादी झाला असता. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक पक्षकार वादीही असतो आणि प्रतिवादीही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षापासून घोकलेलं आहे.

आज थोरला पिंजऱ्यात उभा राहिला. न्यायाधीश साहेब म्हणाले, “एक नंबर, क्रॉस.” मधल्याचे वकील उठून अदबीनं म्हणाले, “आधी दोन नंबरनी घ्यावा, साहेब. मी शेवटी थोडंसं विचारीन.” ऐकायला किती चांगलं! मी लगेच उठले. मी थोरल्याच्या जबाबाला जी जी भोकं पाडीन, ती ‘थोडंसं विचारून’ हे बुजवणार. फेरतपासाला मर्यादा आहे. उलटतपासात जे निघालं त्याचा खुलासा तेवढा करता येतो, नवीन काही आणायचं तर कोर्टाची परवानगी लागते. उलटतपासाला अशी मर्यादा नाही, वर सूचक प्रश्न विचारायची मुभा. मित्रानं घेतलेला उलटतपास म्हणजे वादीला मिळालेला बिनशर्त फेरतपास.

साहेबांनी विचारलं, “अथॉरिटी आहे?” तारीख पडली.

15 जून, रविवार

दिवसभर पुस्तकं. दावा 2019 चा, म्हणून 1872 चा भारतीय पुरावा कायदाच लागू. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, पण चालू कामकाज जुन्याच कायद्यानं पुढे न्यायचं असं त्याच्या कलम 170 मध्ये आहे. जुन्या कायद्याचं कलम 137 सांगतं की विरुद्ध पक्षानं घेतलेला तपास म्हणजे उलटतपास. कलम 138 क्रम सांगतं: सरतपास, उलटतपास, फेरतपास. विरुद्ध पक्ष कोणता, हे कुठंच सांगितलेलं नाही. सहप्रतिवादी हा शब्दही त्या कलमांत नाही.

नव्या कायद्यात ही कलमं 142 आणि 143 झाली. क्रमांक बदलले, मजकूर तोच. दीडशे वर्षांत वकिलांनी या एका मुद्द्यावर किती कागद घासले असतील! एक ओळ घालायला काय हरकत होती? कायदा नवा करायचा आणि अडचण जुनीच ठेवायची, याला मी तरी सुधारणा म्हणणार नाही.

मग आधार निकालांचा. सरकार यांच्या पुराव्यावरच्या जाड ग्रंथात हा मुद्दा नीट मांडलेला आहे. कायद्यात खास तरतूद नाही, पण ज्याला तपासायची संधीच मिळाली नाही त्याच्याविरुद्ध पुरावा वाचू नये, या जुन्या नियमावर भागवायचं. सहप्रतिवादीचं म्हणणं आपल्याविरुद्ध जात असेल तर त्याचा उलटतपास घेण्याचा हक्क आहे. हितसंबंधांत विरोध नसेल, किंवा तो आपल्याविरुद्ध काही बोललाच नसेल, तर हक्क नाही.

या नियमाचं मूळ 1894 च्या ‘अ‍ॅलन विरुद्ध अ‍ॅलन’ या इंग्लंडमधल्या घटस्फोटाच्या निकालात सापडतं. घटस्फोटाच्या दाव्यात हा प्रश्न यावा यात नवल नाही. आपल्याकडेही 1869 च्या घटस्फोट कायद्याच्या मूळ कलम 11 नुसार, पत्नीवर व्यभिचाराचा आरोप करणाऱ्या पतीला त्या पुरुषाला सह-जाबदेणार करावं लागे. दोघांवर आरोप एकच, पण एकानं कबूल केलं की दुसऱ्याचं वाटोळं. त्या पुरुषानं सुटकेसाठी किंवा रागापोटी काही सांगितलं आणि त्या बाईच्या वकिलाला प्रश्नच विचारता आला नाही, तर तिची अब्रू परस्पर निकालात निघणार.

अलीकडचे दोन निकाल कर्नाटक उच्च न्यायालयाचे: 2003 चा एन्नेन कास्टिंग्ज आणि 2012 चा मोहम्मद झियाउल्ला. आपल्याकडे ते बंधनकारक नाहीत, पण वजनदार आहेत. क्रमासाठी दिल्लीचा 1975 चा देसराज चोप्रा. वादीला पूर्ण किंवा काही अंशी पाठिंबा देणाऱ्या प्रतिवादीनं आपला पुरावा आणि युक्तिवाद आधी उरकावा, खऱ्या विरोधकानं नंतर. माझं काम याच्यावर होण्यासारखं आहे.

24 जून, मंगळवार

आदेश झाला, दोनच परिच्छेदांचा. प्रतिवादी क्र. 1 ची कैफियत वादीला पोषक असल्यानं त्यांनी उलटतपास आधी घ्यावा, प्रतिवादी क्र. 2 नं नंतर.

बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी एक तारीख घालवलीस?” मी चहा घेतला.

8 जुलै, मंगळवार

आषाढीनंतर गर्दी कमी होती. थोरल्याचा उलटतपास पूर्ण झाला. मधल्याच्या वकिलांनी सात प्रश्न विचारले, त्यातले पाच असे की वादीच्या वकिलांनी लिहून दिल्यासारखे. “बहिणीच्या लग्नाचा खर्च तुम्ही दोघा भावांनी केला, बरोबर?” “बरोबर.” “म्हणून तिनं राजीखुशीनं हक्क सोडला, बरोबर?” “बरोबर.” मी हरकत घेतली. साहेब म्हणाले, प्रश्न येऊ दे, वजन किती द्यायचं ते मी निकालात बघेन. ठीकच आहे. होकार देणाऱ्यानं विचारायचं आणि होकार देणाऱ्यानं उत्तर द्यायचं, त्यातून काय सिद्ध होतं ते कुठल्याही न्यायाधीशाला कळतं.

लग्न 1988 चं. तेव्हा वडील हयात होते आणि मधला अजून शिकत होता. हे मी नंतर थोरल्याच्याच तोंडून काढून घेतलं. बाकी थोरला पक्का निघाला. “मला आठवत नाही” हे उत्तर त्यानं इतक्यांदा दिलं की शेवटी टंकलेखकानं माझा प्रश्न संपायच्या आत टाइप करायला सुरुवात केली.

आक्का बाहेर म्हणाल्या, “मॅडम, दादा खोटं बोलताना कानाला हात लावतो. लहानपणापासून.” हे रेकॉर्डवर कसं आणायचं?

23 जुलै, बुधवार

जिल्ह्याला सत्र न्यायालयात काम होतं. तिथं चार आरोपी आणि तीन वकील. फौजदारीत सरकारी साक्षीदाराचा उलटतपास आरोपींच्या क्रमानं चालतो. पहिल्याच्या वकिलांनी तासभर घेतला, दुसरे उठले आणि “अ‍ॅडॉप्ट” एवढं म्हणून खाली बसले. हित एक असेल तर हे चालतं. पण पहिल्याच्या वकिलानं साक्षीदाराकडून ‘वार दुसऱ्यानं केला’ असं वदवून घेतलं असेल, आणि दुसऱ्याच्या वकिलाचं लक्ष मोबाइलमध्ये असेल, तर ‘अ‍ॅडॉप्ट’ म्हणून तो आपल्याच अशिलाच्या गळ्यात फास घालतो.

आरोपी स्वतः शपथेवर साक्ष द्यायला तयार झाला, आणि तसं त्यानं लेखी मागायला हवं, तर त्याच्या साक्षीनं अडचणीत येणारा सहआरोपी त्याला उलट तपासू शकतो. उलट, एका आरोपीचा कबुलीजबाब दुसऱ्याविरुद्ध कोर्ट फक्त विचारात घेऊ शकतं, तो स्वतंत्र पुरावा होत नाही. 1952 च्या काश्मिरा सिंग आणि 1964 च्या हरिचरण कुर्मी या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपासून हे पक्कं झालेलं आहे. कारण तो शपथेवर नसतो आणि त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. जिथं तपासता येत नाही तिथं वजन कमी. फौजदारीत हा विवेक इतका स्पष्ट आहे, आणि दिवाणीत मात्र आम्हाला दर वेळी अर्ज करावा लागतो.

5 ऑगस्ट, मंगळवार

वादीनं पुरावा बंदची पुरसीस दिली. मधल्याचं सरतपासाचं शपथपत्र दाखल. 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर असतो आणि त्याची प्रत विरुद्ध पक्षाला द्यायची असते. वादीच्या वकिलांना प्रत मिळाली, मला नाही. मागितली तर उत्तर आलं, “तुम्ही कुठं विरुद्ध पक्ष? आपण दोघे प्रतिवादीच की!”

प्रत घेतली आणि परिच्छेद 9 वाचला. बहीण हक्कसोडपत्राच्या वेळी स्वतःहून हजर होती, तिनं दस्त वाचून समजून सही केली, आता जावयाच्या सांगण्यावरून लोभानं हरकत घेते. पुरा परिच्छेद आक्कांवर. वादीचे वकील यावर एक प्रश्न विचारणार नाहीत, कारण त्यांच्या अशिलाचा निम्मा हिस्सा याच परिच्छेदावर उभा आहे.

उलटतपासाची परवानगी मागणारा अर्ज तिथंच हातानं लिहून दिला. दोघाही वकिलांना म्हणणं द्यायला वेळ हवा. अर्थात.

19 ऑगस्ट, मंगळवार

युक्तिवाद झाला. वादीच्या वकिलांनी 2006 चा रोहित सिंग निकाल टाकला. केवळ सहप्रतिवादीविरुद्ध प्रतिदावा चालत नाही, मग सहप्रतिवादीचा उलटतपास कसा चालेल? मी म्हटलं, प्रतिदावा म्हणजे दाद मागणं, उलटतपास म्हणजे पुरावा तपासणं. मी मधल्याकडे काही मागत नाही, त्यानं माझ्याविरुद्ध जे शपथेवर सांगितलंय ते खरं की खोटं एवढंच पाहते. शिवाय दोन प्रतिवादींत खरा वाद असू शकतो हे कायद्याला नवं नाही. मुन्नी बीबी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं 1931 सालीच सांगितलंय की सहप्रतिवादींत हितविरोध असेल, वादीला दाद देण्यासाठी तो वाद सोडवणं भाग असेल आणि तो सोडवला गेला असेल, तर तो निर्णय त्या दोघांवरही बंधनकारक होतो. उद्या हक्कसोडपत्र खरं ठरलं तर आक्का मधल्याविरुद्ध पुन्हा हा प्रश्न काढू शकणार नाहीत. निकालानं जन्मभर बांधायचं आणि प्रश्न मात्र एकही विचारू द्यायचा नाही?

शेवटी पर्यायी विनंती केली. उलटतपास नाकारायचा असेल तर परिच्छेद 9 प्रतिवादी क्र. 2 विरुद्ध वाचला जाणार नाही, असं आदेशात लिहावं. यावर मधल्याचे वकील गडबडीनं उठले. त्यांना परिच्छेद हवा होता, प्रश्न नको होते. साहेब पहिल्यांदाच हसले.

अर्ज मंजूर. मित्र आधी, विरोधक नंतर हेच सूत्र इथंही. आधी वादी, मग मी.

बाहेर येताना मधल्याचे वकील म्हणाले, “कोल्हापूरला जातो याच्यावर.” कालच कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द कोल्हापूर, अशा सहा जिल्ह्यांना आता मुंबई गाठायला नको. परवापरवापर्यंत अशा अंतरिम आदेशावर रिट करायचं म्हटलं की महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन, मुंबईत उतरणं, वकिलांची वेगळी फी, हा खर्च डोळ्यांपुढे येऊन निम्मे पक्षकार गप्प बसायचे. आता सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्यांनाही सोय, आम्हालाही. बघू, जातात का.

11 सप्टेंबर, गुरुवार

मधला पिंजऱ्यात. वादीच्या वकिलांनी शेडच्या पत्र्यांच्या बिलांबद्दल चार प्रश्न विचारले. परिच्छेद 9 ला स्पर्श नाही. मग मी.

माझ्याकडे एक कागद होता. 2016 साली विहिरीवर शेतीपंपाची नवी वीजजोडणी घेताना वीज कंपनीकडे दिलेलं संमतीपत्र, माहितीच्या अधिकारात काढलेलं. मी तो साक्षीदारासमोर धरताच वादीच्या वकिलांची हरकत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशाच्या नियम 1-अ मध्ये ‘वादीच्या साक्षीदारांच्या’ उलटतपासासाठी कागद आयत्या वेळी दाखवण्याची सवलत आहे, हा साक्षीदार वादीचा नाही. बघा, नियम लिहिणाराही सहप्रतिवादीला विसरलाच! मी मोहम्मद अब्दुल वाहिद विरुद्ध निलोफर हा निकाल दिला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेलं प्रकरण, सर्वोच्च न्यायालयानं 14 डिसेंबर 2023 ला ठरवलं. साक्ष देणारा दाव्यातला पक्षकार असो की त्रयस्थ, उलटतपासात कागद समोर ठेवण्यापुरता दोघांत फरक नाही. कागद गेला.

आपल्याकडे जबाब प्रश्नोत्तरांत क्वचितच लिहितात. प्रश्न वकिलाचा, उत्तर साक्षीदाराचं, आणि साहेब दोन्ही मिळून साक्षीदाराच्या तोंडी एक वाक्य सांगतात. आजचा जबाब असा उतरला:

“हे खरे आहे की, 2016 साली विहिरीवरील वीजजोडणीसाठी मी प्रतिवादी क्र. 2 चे संमतीपत्र घेतले. मला दाखविलेल्या संमतीपत्रावर माझी व तिची सही आहे. हे खरे आहे की, त्यात तिचा उल्लेख सहहिस्सेदार असा आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव असल्याने संमती घेतली. हे खरे आहे की, हक्कसोडपत्राचा फेरफार 2017 साली धरला. 2013 ते 2017 पर्यंत फेरफार का धरला नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही. संमतीपत्र घेताना हक्कसोडपत्राचा विषय बहिणीकडे काढला नव्हता. हे म्हणणे खरे नाही की, बहिणीस दस्ताची माहिती होऊ नये म्हणून फेरफार उशिरा धरला.”

शेवटचं वाक्य माझं सजेशन आणि त्याचा नकार. ते तसंच येणार होतं. कामाचं वाक्य त्याच्या आधीचं. विषय काढला नव्हता, हे तो न विचारताच बोलून गेला.

आणखी एक. दस्त कुणी लिहिला, याचं उत्तर आलं, “थोरल्या भावाच्या ओळखीच्या मुद्रांक विक्रेत्यानं.” बहिणीला वाचून कुणी दाखवला? “मी त्या वेळी बाहेर झेरॉक्सला गेलो होतो.” शपथपत्रात तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहितो की तिनं दस्त वाचला, आणि पिंजऱ्यात तो खोलीतच नव्हता. ही दोन वाक्यं वादीच्या वकिलांनी आयुष्यात काढली नसती.

यावरून हक्कसोडपत्र उडालं असं मी म्हणत नाही. नोंदणीकृत दस्त आहे, फसवणूक सिद्ध करायचा बोजा आमच्यावर आहे, मुदतीचा मुद्दा समोर उभा आहे. दस्ताच्या स्वरूपाविषयीच फसवलं असेल तर तो मुळातच निरर्थक, हा 1968 च्या निंगव्वा निकालाचा धागा मला धरावा लागेल. हक्काचं गणित मात्र आक्कांच्या बाजूचं आहे. लग्न 1988 चं असल्यानं हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या 1994 च्या दुरुस्तीत त्या बसत नव्हत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं मुलींना जन्मतः सहदायाद केलं, आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालानं उरल्यासुरल्या शंका मिटवल्या. एक तृतीयांश. मध्ये आहे तो एवढा एक दस्त.

26 सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी ऑफिसात एक नवी पार्टी आली. चार चुलतभाऊ, सगळे प्रतिवादी. “एकच वकीलपत्र घ्या मॅडम, एकच कैफियत द्या, खर्च वाचतो.” मी विचारलं, तुमच्यात आपसात काही नाही ना? चौघंही एकदम “नाही” म्हणाले, पण एक जण बाकीच्यांकडे बघून मग म्हणाला. त्याला म्हटलं, तू वेगळा वकील बघ. एका वकीलपत्रावर चौघांच्या सह्या असतील तर उद्या यातल्या एकाचा उलटतपास दुसऱ्यातर्फे मी कसा घेणार? ज्यांच्या घरात वाटपाचा दावा चालू आहे आणि ज्यांचं नाव भावंडांबरोबर एका रकान्यात आहे, त्यांनी बाकीच्यांची कैफियत आली की तिची प्रत काढून घ्यावी आणि स्वतः वाचावी. आपल्यावर काय लिहिलंय ते वादीच्या दाव्यापेक्षा तिथंच जास्त कळतं.

आक्कांचा सरतपास दसऱ्यानंतर. शपथपत्र तयार आहे. आज त्यांना बसवून सांगितलं की त्यांना दोघं जण उलट तपासतील, थोरल्याचे वकील आणि मधल्याचे वकील. त्या दचकल्या. “आपण त्याला विचारलं म्हणून?”

“होय. तुमची साक्ष त्याच्या विरोधात जाते, म्हणून तो हक्क त्यालाही आहे.”

“मग विचारू दे,” म्हणाल्या, आणि 2016 च्या संमतीपत्राची झेरॉक्स मागून घेतली. पुढची तारीख 9 ऑक्टोबर.